फवारणी करूनही कीड मरत नाही, असं का? किडीच्या अँटिऑक्सिडंट एन्झाइमच्या जीन्सबद्दल नेहमी विचारले जाणारे प्रश्न

आंब्याला पालवी फुटली किंवा भात पोटरीत आला की कोकणात सगळीकडे एकच चर्चा सुरू होते, औषध मारलं तरी तुडतुडा हलत नाहीये. औषध बोगस आहे का, पंपाचं नोझल खराब आहे का, की मारल्या मारल्या सर आली. हे सगळं असू शकतं. पण बऱ्याचदा उत्तर किडीच्या पेशीच्या आत असतं आणि त्याबद्दल मराठीत फार कुणी सांगत नाही, म्हणून बागायतदार, भातवाले शेतकरी आणि शेतकी कॉलेजची मुलं परत परत विचारतात ते प्रश्न इथे एकत्र घेतलेत.

हे अँटिऑक्सिडंट एन्झाइम म्हणजे नक्की काय?

किडीलाही आपल्यासारखाच ऑक्सिजन लागतो. पेशीत अन्न जाळून ताकद तयार होते तेव्हा थोडा ऑक्सिजन पूर्ण वापरला जात नाही, अर्धवट अवस्थेत सुटतो, त्याला सुपरऑक्साइड म्हणतात. हा पदार्थ बेकार असतो, तो आणि त्याच्यापासून पुढे बनणारी विषारी रूपं प्रोटीन, पेशीच्या पडद्यातली चरबी, डीएनए, जे समोर येईल त्याला धरतात. त्याला आवरणारी ती अँटिऑक्सिडंट एन्झाइम, आणि त्यातलं पहिलं म्हणजे सुपरऑक्साइड डिसम्युटेज, थोडक्यात एसओडी. हे एन्झाइम काय काम करतं ते 1969 साली अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठात मॅकॉर्ड आणि फ्रिडोविच यांनी दाखवलं.

पण एसओडीचं काम अर्धंच, कारण सुपरऑक्साइड मोडून ते हायड्रोजन पेरॉक्साइड तयार करतं आणि तेही विषच. म्हणजे घर झाडलं पण केर उंबऱ्यातच ठेवला. तो केर उचलायला कॅटालेज आणि पेरॉक्सिडेज लागतात, कॅटालेज पेरॉक्साइडचं सरळ पाणी आणि ऑक्सिजन करून टाकतं. हे झालं नाही आणि आजूबाजूला मोकळं लोह असलं तर हायड्रॉक्सिल रॅडिकल तयार होतो, आणि त्याला पकडणारं एन्झाइम कुठल्याच प्राण्याकडे नाही, तो तयारच होऊ न देणं एवढाच उपाय. म्हणून एकटं एसओडी वाढलं की कीड चिवट झाली असं समजू नका, मागची साखळी पण तेवढीच चालायला हवी.

किडींची अजून एक वेगळी गोष्ट. आपल्या शरीरात ग्लुटाथायोन नावाचा रेणू वापरून झाला की त्याला परत ताजं करणारं एक खास एन्झाइम असतं, ग्लुटाथायोन रिडक्टेज. फळावरच्या छोट्या माशीत, म्हणजे ड्रोसोफिलात, ते एन्झाइमच नाही, आणि ते काम थायोरेडॉक्सिन नावाची दुसरी यंत्रणा करते हे 2001 मध्ये सिद्ध झालं. माणसाच्या पुस्तकातला तक्ता उचलून किडीला चिकटवता येत नाही तो यामुळे.

हे डोळ्यांनी बघता येईल का?

कॅटालेज येतं. गाभेमर झालेला भाताचा फुटवा उपटा, खोड उभं चिरा, आत पिवळ्या खोडकिड्याची अळी मिळेल. ती स्वच्छ पाण्यात धुवा, काचेच्या तुकड्यावर चिरडा आणि वरून मेडिकलमध्ये जखमेसाठी मिळणारं 3 टक्क्याचं हायड्रोजन पेरॉक्साइड दोन थेंब टाका. लगेच पांढरा फेस येतो, कडेने बारीक बुडबुडे सुटत राहतात, तो ऑक्सिजन. दुसरी अळी आधी पाच मिनिटं उकळत्या पाण्यात ठेवून तेच करा, फेस जवळजवळ येतच नाही कारण उष्णतेने एन्झाइम मोडलेलं असतं. फक्त एक लक्षात घ्या, अळीच्या पोटात भाताचा रस असतो आणि वनस्पतीतही कॅटालेज असतं, त्यामुळे फेस सगळा अळीचाच असं म्हणता येणार नाही. शाळेतल्या पोरांना दाखवायला मात्र हा प्रयोग फार छान आहे, डोळ्यांना चष्मा लावून करा.

जीन वेगळं आणि एन्झाइम वेगळं का?

जीन म्हणजे कृती, एन्झाइम म्हणजे त्यावरून बनलेला माल. एकाच एन्झाइमची जीन्स पण अनेक असतात. तांबं-जस्त वापरणारं एसओडी पेशीच्या रसात काम करतं, मँगनीजवालं मायटोकॉन्ड्रियात, दोघांची जीन्स वेगळी.

आणि ही जीन्स कायम पूर्ण चालू नसतात. किडीत सीएनसीसी नावाचं एक प्रोटीन असतं, एरवी त्याला कीप-1 नावाचं दुसरं प्रोटीन धरून ठेवतं. पेशीवर ताण आला, म्हणजे विष, उष्णता, पेरॉक्साइड असं काही, की ती पकड सुटते, सीएनसीसी केंद्रकात जातं आणि एकाच वेळी बरीच संरक्षक जीन्स चालू करतं. त्यात अँटिऑक्सिडंट जीन्स असतात आणि विष पचवणारी पण असतात. हे वाक्य परत वाचा, कारण पुढचं सगळं ह्याच्यावर उभं आहे. उन्हाचा ताण आणि फवारणीचा ताण यांना उत्तर देणारी यंत्रणा बऱ्याच अंशी एकच आहे. डीडीटीला दाद न देणाऱ्या ड्रोसोफिलाच्या काही जातींत तर हे बटण कायमचं चालूच असलेलं सापडलंय.

फवारणीचा आणि ह्याचा संबंध काय? औषध तर मज्जासंस्थेवर काम करतं ना?

बरोबर, पायरेथ्रॉइड गटाची औषधं मज्जातंतूवरच मारा करतात. पण किडीला झटके येतात तेव्हा पेशींत ऑक्सिडेशनचा, म्हणजे सुपरऑक्साइड, पेरॉक्साइड असल्या विषांचा भडका पण उडतो, पडद्यातली चरबी खराब व्हायला लागते. आपल्या भातावरच्या तपकिरी तुडतुड्यावरच यातलं एक महत्त्वाचं काम झालंय, 2001 मध्ये. पायरेथ्रॉइडला न जुमानणाऱ्या तुडतुड्यांत जीएसटी म्हणजे ग्लुटाथायोन एस-ट्रान्सफरेज हे एन्झाइम जास्त होतं, आणि औषधामुळे चरबीची जी नासाडी होते ती निस्तरून ते तुडतुड्याला वाचवत होतं. म्हणजे विष मोडणं ही एक वाट झाली, विषाने केलेलं नुकसान भरून काढणं ही दुसरी. बहुतेक लोकांना पहिलीच माहीत असते.

मग कीड औषधाची सवय करून घेते असंच ना?

नाही, आणि हा गैरसमज मनापासून दूर करावासा वाटतो कारण सगळी चूक फवारणी इथूनच सुरू होते.

दोन वेगळ्या गोष्टी आहेत. एक, तुडतुड्यावर कमी प्रमाणात औषध पडलं, तो मेला नाही, त्याची संरक्षक जीन्स काही तास किंवा काही दिवस जोरात चालली. हे तात्पुरतं असतं, ताण गेला की बटण हळूहळू बंद होतं. दोन, बागेतल्या हजारो तुडतुड्यांत काही थोडे असे असतात की त्यांच्यात जन्मतःच ती जीन्स जास्त चालतात किंवा एका जीनच्या दोन-तीन प्रती असतात. फवारणीत बाकीचे मेले, हे राहिले, यांचीच पिल्लं पुढच्या मोहरावर बसली. हे पिढीजात आहे, आपोआप जात नाही. एकही तुडतुडा काही शिकलेला नाही, आपणच चिवट तेवढे निवडून ठेवले.

आता दोन्ही जोडून बघा. औषध कमी मात्रेचं, त्याच गटाचं, दर आठ दिवसांनी. तात्पुरत्या ढालीमुळे मध्यम चिवट असलेले पण जगतात, आणि जगलेल्यांची वीण वाढते. कोकणात हे जास्त होतं कारण इथे दमट हवा, अवेळी सरी, दवाने भिजलेली झाडं, उंच जुनी कलमं जिथे शेंड्यापर्यंत फवारा पोचतच नाही. खाली भरपूर, वर नुसता शिडकावा, म्हणजे एकाच झाडावर पूर्ण डोस पण आणि अर्धा डोस पण. माझं स्पष्ट मत आहे की दोन फवारण्या वाढवण्यापेक्षा झाडाची मधली दाट फांदी काढून ऊन आणि फवारा आत जाऊ देणं जास्त उपयोगाचं.

औषध बदललं तरी फरक पडत नाही, असं का?

बऱ्याचदा नावच बदललेलं असतं, औषध तेच. दुकानात ब्रँडचं नाव विचारू नका, बाटलीवरचं टेक्निकल नाव वाचा. शेवटी "थ्रिन" असलेली, म्हणजे सायपरमेथ्रिन, डेल्टामेथ्रिन, लॅम्बडा सायहॅलोथ्रिन, ही सगळी एकाच पायरेथ्रॉइड गटातली. इमिडाक्लोप्रिड, थायामेथोक्झाम, ॲसिटामिप्रिड ही दुसऱ्या एका गटातली. डेल्टामेथ्रिन सोडून सायपरमेथ्रिन घेतलं म्हणजे बदल झाला नाही. दापोलीच्या डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठाचं आंब्याचं फवारणी वेळापत्रक असतं त्यात टप्प्याटप्प्याला गट बदलत जातो तो उगाच नाही, त्यात दिलेली मात्रा आणि क्रम मोडू नका, आणि दोन-तीन औषधं स्वतःच्या मनाने एका टाकीत कालवू नका.

भाताला तर पायरेथ्रॉइड टाळाच. तपकिरी तुडतुडा त्याने उलट वाढतो, त्याला खाणारे कोळी आणि मिरिड ढेकूण मरतात आणि राहिलेल्या माद्या जास्त अंडी घालतात. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये पाणथळ खाचरात गोल गोल चट्टे करपलेले दिसले की आधी पाणी काढा, चुडांच्या बुडाशी बघा, युरिया थांबवा, मग औषधाचा विचार.

म्हणजे सगळ्या रेझिस्टन्सचं मूळ अँटिऑक्सिडंट जीन्सच?

नाही हो. तपकिरी तुडतुड्याचा इमिडाक्लोप्रिडला झालेला प्रतिकार मुख्यतः सीवायपी-6-ईआर-1 नावाच्या जीनमुळे आहे, ते पी-450 नावाच्या एन्झाइमच्या कुटुंबातलं, थेट औषधच मोडणारं. काही किडींत मज्जातंतूवरची औषध बसायची जागाच बदललेली असते. अँटिऑक्सिडंट जीन्स ह्या सगळ्यांच्या जोडीला असतात, कधी मुख्य, बहुतेकदा साहाय्यक.

ऑक्टोबरच्या उन्हात कीड कमी व्हायला हवी ना? उलट वाढते.

किडीचं रक्त थंड, बाहेर तापलं की तिचं शरीर तापतं, चयापचय जोरात, ऑक्सिजन जास्त जळतो, सुपरऑक्साइड पण जास्त. एसओडी, कॅटालेज वाढतात आणि एका मर्यादेपर्यंत कीड निभावून नेते, त्यापुढे एन्झाइमचं प्रोटीनच उष्णतेने बिघडायला लागतं आणि आकडे घसरतात. तपकिरी तुडतुडा साधारण 25 ते 30 अंशांत सुखात असतो, 35 च्या वर त्याची अंडी आणि पिल्लं मरायला लागतात.

पण मोबाईलवर दिसतं ते तापमान तुडतुड्याचं नाही! तो दाट लावलेल्या चुडाच्या बुडाशी, पाण्याच्या वर चार बोटं बसलेला असतो, तिथे सावली आणि ओल. हात घालून बघा, वर अंग भाजत असताना आत गारवा लागतो. दाट लावणी आणि भरपूर युरिया म्हणजे आपणच त्याला छप्पर घालून दिलं. लावणीत अंतर ठेवलं, मध्ये पट्टे सोडले तर ऊन आणि वारा खाली पोचतो, हा उपाय जुना आहे आणि फुकट आहे.

हापूसच्या एक्सपोर्टमध्ये गरम पाणी, वाफ, रेडिएशन असं करतात, त्याचा ह्याच्याशी संबंध आहे का?

आहे, थेट आहे. 2014 च्या मे महिन्यापासून युरोपियन युनियनने फळमाशीमुळे भारताचा आंबा बंद केला होता तो 2015 च्या सुरुवातीला परत सुरू झाला. ती बंदी ज्यांनी सोसली त्यांना फळमाशी म्हणजे काय ते नव्याने सांगायला नको.

युरोपसाठी गरम पाणी, 48 अंशांत 60 मिनिटं. जपानसाठी वाफेची प्रक्रिया, फळाचा गर 47.5 अंशांवर 20 मिनिटं. अळीला मारताना उष्णता दोन बाजूंनी काम करते, प्रोटीन बिघडवते आणि ऑक्सिडेशनचा ताण वाढवते. पूर्वेकडची फळमाशी, जी आपल्या आंब्यात असते तीच, उष्णतेत ठेवली की तिच्यातली चरबीची नासाडी आणि अँटिऑक्सिडंट एन्झाइम दोन्ही बदलतात हे मोजलेलं आहे. आणि अळीला आधी सोसेल इतकी उष्णता दिली तर पुढची कडक उष्णता ती जास्त सहन करते, फळमाश्यांच्या अळ्यांवर हे प्रयोग झालेत. म्हणून ह्या प्रक्रियेत तापमान किती वेगाने चढवायचं आणि गराच्या आत नेमकं किती पोचलं याला एवढं महत्त्व. दोन अंश कमी, पाच मिनिटं कमी, चालतंय की, असं म्हणणारा माणूस अख्ख्या कोकणाचं नुकसान करू शकतो.

अमेरिकेसाठी 400 ग्रे रेडिएशन (ग्रे म्हणजे रेडिएशनचा डोस मोजायचं माप), 2007 पासून. रेडिएशनने पेशीतलं पाणी फुटून तोच हायड्रॉक्सिल रॅडिकल बनतो ज्याला आवरणारं एन्झाइम नाही. अळी लगेच मरेलच असं नाही, पण तिची पुढे माशी होत नाही, हेतू तोच आहे. आता गंमत बघा, ऑक्सिजन कमी असला तर रेडिएशनचा असर कमी होतो, कारण हा सगळा घाव ऑक्सिजनमुळेच खोल जातो. त्यामुळे ऑक्सिजन कमी ठेवणाऱ्या पॅकिंगमध्ये फळ भरून रेडिएशन देण्यावर बंधनं असतात. ह्याच तत्त्वाचा उलटा फायदा पण घेतात. माशीची वीण रोखायला नर रेडिएशनने वांझ करून सोडतात, त्यात कॅरिबियन फळमाशीच्या नरांना वांझ करण्याआधी थोडा वेळ ऑक्सिजनशिवाय ठेवलं तर त्यांची अँटिऑक्सिडंट क्षमता वाढते आणि वांझ होऊनही ते धडधाकट राहतात, माद्यांशी जुळायला नीट जातात.

बागेत मात्र ह्यातलं काही करायची गरज नाही, पडलेली फळं रोज गोळा करून नष्ट करा आणि मिथिल युजेनॉलचे, म्हणजे नर माश्यांना ओढणाऱ्या आमिषाचे, रक्षक सापळे वेळेत लावा.

पॅराक्वाटचं नाव ह्या विषयात सारखं येतं, ते तर तणनाशक आहे ना?

हो. पॅराक्वाट पेशीत जाऊन सुपरऑक्साइड बनवत राहतं, म्हणून प्रयोगशाळेत किडीवर मुद्दाम ऑक्सिडेशनचा ताण आणायला तेच वापरतात. एसओडीचं जीन मोडलेली ड्रोसोफिला पॅराक्वाट अजिबात सहन करत नाही आणि एरवीही लवकर मरते.

माणसाच्या फुप्फुसात पण ते हेच करतं. त्यावर उतारा नाही. कलमांच्या खाली तण मारायला हे सर्रास वापरलं जातं, गड्याला हातमोजे नाहीत, तोंडाला फडकं, पंप गळका, हे बघवत नाही. पाण्याच्या बाटलीत ओतून ठेवू नका, पोरांच्या हाताला लागेल असं तर अजिबातच नको. पावसाळ्यात ग्रासकटरने तण कापा, तेच आळ्यात आच्छादन होतं.

काजूचा ढेकण्या कोवळ्या पालवीवरच का बसतो?

मुख्य कारण कोवळा रस आणि मऊ साल. पण झाडाची बाजू पण बघा. कीड चावली की झाड जखमेजवळ पेरॉक्साइड सोडतं, त्यातली फिनॉल जातीची द्रव्यं ऑक्सिडाइज होऊन डाग काळा पडतो. काही द्रव्यं किडीच्या पोटात गेल्यावर उलट ऑक्सिडंट बनतात, म्हणजे झाडाचं हत्यार पण हेच आणि किडीची ढाल पण तीच एन्झाइम. अनेक झाडांवर जगणाऱ्या किडींत ही ढाल साधारण मजबूत असते.

प्रकाश सापळ्याच्या उजेडाने कीड कमजोर होते हे खरं आहे का?

घाटेअळीच्या पतंगांवर अतिनील उजेड टाकल्यावर त्यांच्यात ऑक्सिडेशनचा ताण वाढतो आणि एन्झाइम वर-खाली होतात हे 2009 मध्ये दाखवलंय. पण सापळ्याचं काम पतंग पकडणं आहे. खाली साबणाचं पाणी ठेवायला विसरू नका.

नारळाच्या गेंड्या भुंग्यावर मेटारायझियम बुरशी टाकतो, तिथे पण हीच जीन्स?

हो, आणि ही लढाई फारच बघण्यासारखी आहे. किडीचं शरीर बुरशीवर, जंतूंवर मुद्दाम ऑक्सिजनची विषारी रूपं सोडतं. बुरशीकडे पण स्वतःचं एसओडी आणि कॅटालेज असतं, ती त्याने वाचते. आणि किडीला स्वतःच्याच माऱ्यापासून वाचायला स्वतःचं कॅटालेज लागतं. 2005 च्या एका कामात ड्रोसोफिलाच्या आतड्यातलं एक कॅटालेज बंद केलं तर जंतू असलेलं अन्न खाऊन माश्या पटापट मेल्या, कारण आतड्याने जंतूंवर सोडलेलं विष आवरायला काही उरलं नाही.

तुमच्यासाठी कामाचं एवढंच की बुरशी शेणखताच्या खड्ड्यात टाका, अळ्या तिथेच असतात. ओल आणि सावली ठेवा, कडक उन्हाने तिचे बीजाणू मरतात.

मग ही एन्झाइम बंद करणारं औषध का काढत नाहीत?

प्रयोगशाळेत आहेत, डायइथाइल मॅलिएट ग्लुटाथायोन संपवतं, ॲमिनोट्रायझोल कॅटालेज अडवतं. अडचण ही की हीच एन्झाइम सातेरी मधमाशीत आहेत, खाडीतल्या माशांत आहेत, तुमच्या-माझ्यात आहेत. सरसकट बंद करणारं काहीही शेतात चालणार नाही.

आशा आहे ती आरएनए इंटरफेरन्समध्ये, एकाच किडीच्या एकाच जीनचा संदेश मोडायचा. हे तंत्र 1998 मध्ये फायर आणि मेलो यांनी उलगडलं, 2006 चं नोबेल त्याला मिळालं. भुंग्यांवर हे छान चालतं, अमेरिकेत बटाट्याच्या भुंग्यावर अशा फवारणीला 2023 मध्ये परवानगी पण मिळाली, फक्त तिचं लक्ष्य अँटिऑक्सिडंट जीन नाही, दुसरंच आहे. पतंगांच्या अळ्यांवर अवघड जातं, त्यांच्या आतड्यातच तो आरएनए कापला जातो. नारळाच्या सोंड्या भुंग्यासाठी मला ह्यात खरंच आशा वाटते, तो खोडाच्या आत असतो ही मोठी अडचण असली तरी.

कोकमात, जांभळात अँटिऑक्सिडंट असतात, ते खाऊन कीड चिवट होते का?

असं थेट होत नाही. ते रेणू वेगळे, ही एन्झाइम वेगळी. आमसुलाचं पाणी फवारल्याने कीड वाढेल किंवा मरेल अशी काळजी किंवा आशा दोन्ही नको.

एमएस्सीला हाच प्रोजेक्ट घेतलाय, काय काळजी घेऊ?

पहिलं, जीन वाढलं म्हणजे एन्झाइम वाढलंच असं नाही, क्यूपीसीआर (जीन किती चालतंय ते मोजायची पद्धत) आणि एन्झाइमची ॲक्टिव्हिटी दोन्ही मोजा, जोडीला चरबी नासून बनणारं मॅलोनडायअल्डिहाइड मोजा, म्हणजे नुकसान किती झालं ते कळतं. एन्झाइम जास्त असणं हे कधी ताकदीचं लक्षण असतं, कधी मरायला टेकल्याचं, नुकसान मोजल्याशिवाय फरक कळत नाही.

दुसरं, रेफरन्स जीन, म्हणजे ज्याच्याशी तुलना करून बाकीची मोजता ते, ताणाखाली स्थिर राहतं का ते आधी तपासा, उष्णतेत ॲक्टिनसारखी नेहमीची जीन्स पण हलू शकतात. तिसरं, जीन वाढलं आणि कीड जगली एवढ्यावरून त्यामुळेच जगली असं लिहू नका, आरएनए इंटरफेरन्सने ते जीन दाबून बघा, मग मर वाढली तर बोला.

आणि किडे आणताना एकाच खाचरातले आणू नका, औषध न मारलेल्या जागचे पण घ्या. बागायतदाराने कुठलं औषध कधी मारलं ते त्याच्याकडून टेक्निकल नावासकट लिहून घ्या. सॅम्पल शेतावरच बर्फावर ठेवा, दुपारच्या उन्हात गाडीच्या डिकीत टाकून आणलेल्या तुडतुड्यांत तुम्ही औषधाचा नाही, डिकीतल्या उष्णतेचाच ताण मोजाल.